वाफेचं घड्याळ

"माझी लेक, माझ्या लेकीचं घड्याळ, अन् ते घड्याळ मलेच चोर म्हणून राहिलं," बाबा ओरडत होते. बाबा ओरडत होते म्हणजे नेमकं काय होत होतं, ते आधी सांगायला हवं. आमच्या बाबांचा आवाज उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये, बॉयलरशेजारी उभा राहून राहून वाढलेला. मुर्री गावातल्या आमच्या अंगणात ते नुसते खाकरले तरी गोंदियाच्या स्टेशनावरचे हमाल गाडी आली समजून विड्या विझवत. हे मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. पण तिनं बाबांना त्यांच्या म्हातारपणी ऐकलं. तेव्हा त्यांचा आवाज उतरून जेमतेम तीन गल्ल्या ओलांडण्याइतकाच उरला होता.

तर त्या सकाळी बाबा बॉयलरच्या शेडमध्ये कमरेवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून उभे होते. भिंतीवर ते घड्याळ. पितळी कड, पांढरी तबकडी, काळा काटा. सगळे त्याला घड्याळ म्हणत, पण त्याचा आणि वेळेचा काही संबंध नव्हता. बॉयलरमधून धानाच्या हौदांकडे किती वाफ चालली आहे, ते हा काटा दाखवायचा. त्याच्याखाली निळा कोट घालून, हातात पाना धरून करुणाताई उभी होती, माझी थोरली बहीण. आणि बॉयलरच्या तोंडाशी भुसा ढकलत मी उभा होतो. बारावीच्या परीक्षेनं मला दोनदा परत पाठवल्यावर बाबांनी हे काम माझ्या गळ्यात घातलं होतं. बॉयलर नुकता पेटलेला, वाफेचा वाल्व बाबांनी जरासा किलकिला केलेला, आणि काटा मात्र तबकडीच्या पार टोकाला जाऊन टेकलेला, जणू अख्ख्या जिल्ह्याचं धान आम्ही एकट्यानं उकडायला घेतलं होतं.

"एवढी वाफ या बॉयलरच्या बापानं नाई पाह्यली," बाबा म्हणाले.

"बाबा, काटा खोटं बोलत नाही. कुठंतरी काहीतरी बिघडलंय. शोधते मी."

"काटा खोटं नाई बोलत, म्हणजे मी खोटं बोलून राहिलो?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"तू नाई म्हटलं. त्यानं म्हटलं. अन् त्याले बोलाले तू शिकवलं."

ताई पाना घेऊन घड्याळाकडे वळली, कारण ते खरं होतं.

उसन्याची मिल ज्यांनी पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो, की तिथं तांदूळ नंतर होतो, आधी वास होतो. धान हौदांत भिजतं, भिजून आंबूस होतं, मग त्याला खालून वाफ देतात, मग वाळवतात आणि मग कांडतात. तो वास कपड्यांत, केसांत, वहीच्या पानांत, सगळीकडे जाऊन बसतो. मी शाळेत असताना मास्तर डोळे मिटून हजेरी घेत आणि माझं नाव नाकानंच ओळखत. वाफ कमी पडली तर दाण्याच्या पोटात पांढरा ठिपका राहतो, जास्त झाली तर दाणा फुटून त्याची लाही व्हायला बघते. हे मधलं माप बाबांना कानानं कळायचं. त्यांच्याजवळ सागाची एक काठी होती. तिचं एक टोक पाइपावर आणि दुसरं कानात, डोळे मिटलेले. डॉक्टर छाती तपासतो तसं. "आता बस," म्हणायचे, की बस. त्यांच्या हातचा उसना फुटलेला मी पाहिला नाही. एकदा तर, मिलमधले लोक शपथेवर सांगतात, बाबा तापानं फणफणून घरी पडले होते आणि खाटेवरूनच म्हणाले, "तिकडं वाल्व जास्त खोलला कोनीतरी." आणि खरंच कोणीतरी जास्त खोलला होता. आता घरापासून मिल दोन शेतं पलीकडे होती आणि तिथला बॉयलर रोजच जास्त फुसफुसायचा, हा भाग लोक सांगत नाहीत.

मग ताई नागपूरहून मापयंत्रांचा डिप्लोमा घेऊन आली. तेव्हाच सेठजी, म्हणजे आमच्या मिलचे मालक, रायपूरकडे कोणाच्या तरी मिलमध्ये असं घड्याळ पाहून आले होते आणि त्यांना रात्रीची झोप लागत नव्हती. त्यांनी नागपूरच्या एका कंपनीला बोलावलं. कंपनीचे साहेब आले. त्यांनी वाफेचा पाइप कापला आणि मधे थाळीएवढी स्टीलची एक चकती बसवली. चकतीच्या मधोमध भोक. एवढंच. सेठजी ती हातात घेऊन उलटीपालटी करत म्हणाले होते, "मतलब मैंने इतना सारा पैसा देकर एक भोक खरीदा?" बाबा त्या वेळी हसले होते. पुढं पुष्कळ दिवस हसले नाहीत.

ते भोक काय करतं, हे ताईनं सेठजींना जसं समजावलं तसं मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. मी पुस्तकंही फार उघडलेली नाहीत, ते सोडा. ती त्यांना मिलमागच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात घेऊन गेली. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी जायला धुऱ्यात, म्हणजे मधल्या मातीच्या बांधात, तोंड पाडलेलं होतं. तिनं दोन दगड लावून ते तोंड अरुंद केलं. दगडांच्या मागं पाणी चढलं, पुढं उतरलं.

"मागची पातळी बघा, पुढची बघा," ती म्हणाली. "पाणी जेवढं जोरात जाईल, तेवढा या दोघांतला फरक वाढेल. पाणी मोजायला पाण्याला हात लावायची गरज नाही, सेठजी. फरक मोजला की झालं. वाफेचंही तसंच. चकतीच्या मागं वाफेचा दाब जास्त, पुढं कमी. मागून एक नळी, पुढून एक नळी, दोन्ही घड्याळात. घड्याळ फक्त दोघांतला फरक पाहतं. फरक चौपट झाला की समजायचं, वाफ दुप्पट जातेय."

सेठजी बराच वेळ वाकून ते दोन दगड पाहत राहिले. मग म्हणाले, "बेटा, तू कल से आ जा." अशी आमच्या मिलमध्ये पहिली बाई आली जी धान वाळवायला किंवा झाडायला नव्हती.

झाडायला आमची माय होती. मिलमध्ये ती देवकाबाई. पहाटे भोंगा व्हायच्या आधी ती बॉयलरची शेड झाडून काढायची, मग हौदांचा परिसर, मग सेठजींची केबिन. मायबद्दल लिहायचं तर पाण्यापासूनच सुरुवात करावी लागते. रात्रीचं पाणी सकाळी भांड्यात राहिलेलं तिला खपत नसे. उजाडायच्या आत घरातला पाण्याचा गुंड, कळशी, तांब्या, बुद्धाच्या मूर्तीपुढची वाटी, सगळं रिकामं. ते पाणी परसातल्या पपईला, आणि भांड्यांत हातपंपाचं ताजं. त्या पपईला एवढी फळं लागत की झाड लाजेनं वाकून शेजाऱ्याच्या अंगणात तोंड लपवायचं. दवनीवाड्याला, मायच्या माहेरी, एका लग्नात वरातीसाठी रात्रीच ड्रम भरून ठेवले होते. माय पहाटे उठली आणि कोणाला न सांगता तिनं सगळे ओतून टाकले. वरात आली तेव्हा नवरदेवाला घोड्यावरून उतरून हातपंप मारावा लागला, असं माझे मामा सांगायचे. मामा माझ्यासारखेच होते, तेव्हा घोडा वजा करा. मिलमध्येही तिचा हाच नेम. माठ, सेठजींच्या टेबलावरचा जग, सगळं सकाळी रिकामं व्हायचं. एकदा तिनं चौकीदाराची बाटलीही पाणी समजून पालथी केली. चौकीदार कोणाजवळ तक्रार करू शकला नाही, कारण त्यात काय होतं ते सांगावं लागलं असतं.

आणि हीच बाई सकाळी आम्हाला बासी भात वाढायची. रात्रीचा भात, त्यावर ताक, चिरलेला कांदा, जवसाची चटणी. बाबा तोंडात घास घेऊन तिला चिडवायचे, "बासी भात चालते, अन् बासी पानी काऊन नाई चालत?" माय म्हणायची, "भात शिजलेला असते. पानी उघडं असते." बाबा पुढचा घास घ्यायचे. त्यांच्या आवाजासमोर गप्प न होणारी गोंदिया जिल्ह्यातली ती एकटीच.

घड्याळ बसलं त्या दिवशी नागपूरवाले साहेब आणि ताई शिडीवर होते. त्या दोन नळ्यांच्या डोक्यावर प्रत्येकी एक जाड लोखंडी डबा, नारळाएवढा. डब्याखाली नळीला पाणी सोडायची छोटी चावी. ताईनं दोन्ही डब्यांची झाकणं काढून तांब्यानं त्यांत पाणी भरलं. मी विचारलं, वाफ मोजायची तर पाणी कशाला? ती म्हणाली, तापलेली वाफ सरळ घड्याळात शिरली तर ते मरेल. म्हणून मधे पाणी. दोन्ही नळ्यांत सारखं पाणी, म्हणजे सारखं वजन, एकाचं वजन दुसऱ्यानं फिटतं आणि उरतो तो वाफेच्या दाबाचा फरक. पाणी जरा कमी झालं तरी वाफ थंड होऊन डबा आपोआप भरतो. माय तेव्हा झाडू थांबवून वर पाहत होती. लेक शिडीवर चढून तांब्यानं पाणी ओततेय, हे तिला भारीच आवडलेलं दिसलं. मला वाटलं ती लेकीकडे पाहतेय. ती डब्यांकडे पाहत होती, हे कळायला आम्हाला सेठजींची अख्खी मिल पणाला लावावी लागली.

झालं असं, की घड्याळ दुपारी अगदी देवमाणूस असायचं आणि सकाळी बेवडा. सकाळी बॉयलर पेटला की काटा टोकाला. मग उतरत उतरत बारा वाजेपर्यंत नीट. सेठजी सकाळी यायचे, काटा पाहायचे आणि बाबांना विचारायचे, "श्रावणभाऊ, सुबह सुबह इतनी भाप कहाँ उड़ाते हो?" ज्या माणसानं जन्मभर कान लावून वाफ जपली, त्याला हा प्रश्न. बाबा बिचारे वाल्व आणखी कमी करायचे. त्यानं धान कच्चं राहायचं आणि मग त्या कच्च्या धानाचंही उत्तर त्यांनाच द्यावं लागायचं. नागपूरवाल्या साहेबांना दोनदा बोलावलं. ते दुपारच्या गाडीनं यायचे, आणि दुपारी काटा न्हाऊन-धुऊन, भांग पाडून बसलेला. साहेब माणूस चांगला, ताईशी आदरानं बोलणारा, पण दुसऱ्यांदा तेही म्हणाले, "मॅडम, मला तर यात काही दोष दिसत नाही."

घरात तर युद्धच पेटलं. बाबा झाडीबोलीत ओरडायचे आणि ताई डिप्लोम्यात उत्तर द्यायची. "इम्पल्स लाइन", "लो साइड", "हेड"... लाखोळीच्या डाळीत हे शब्द पडले की डाळ विरजायची. एका संध्याकाळी बाबांनी ताटावरून उठून, "या घरात एक तर मी राहीन नाई तर ते घड्याळ," असं जाहीर केलं. घड्याळ घरात नव्हतंच, पण तसं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. तेव्हा मायनं डाव भाताच्या गंजात उभा रोवला आणि म्हणाली, "मिलची गोष्ट मिलमधी. इथं जेवन होते. इथून पुढं ताटावर घड्याळाचं नाव काढाल तर भात नाई." भात नाही म्हटल्यावर झाडीपट्टीचा माणूस कोणताही तह मान्य करतो. त्या दिवसापासून आमच्या घरात घड्याळाबद्दल शब्द निघाला नाही. आज विचार करतो तर वाटतं, तो हुकूम मायनं दिला नसता तर दुसऱ्याच दिवशी सगळा उलगडा झाला असता.

मग सेठजींनी निकाल दिला. नवं धान येण्याची वेळ जवळ आली होती. ट्रॅक्टर येऊ लागले की मिल श्वास घ्यायला थांबत नाही. ते ताईला म्हणाले, "देख बेटा, नया धान आने से पहले घड़ी सुधर गई तो ठीक. नहीं तो प्लेट निकालो, पाइप जोड़ो. फिर तेरे लिए भी यहाँ क्या काम?" आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं. शिवाय ताई गेली तर तिच्यामागून आणखी कुठली मुलगी त्या मिलमध्ये पाना घेऊन शिरणार नव्हती. हे सेठजींनाही माहीत होतं, ताईलाही, आणि चहाच्या टपरीवर बसून "पोरीच्या जातीले वाफ कायची कळते" म्हणणाऱ्या लोकांनाही.

मी माझ्या बहिणीला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवसांतही पाहिलं नाही. पण ती बोलायची कमी झाली. तिनं दोन्ही नळ्यांचा प्रत्येक जोड साबणाच्या फेसानं तपासला, कुठंच बुडबुडा नाही. चकती उघडून पाहिली, भोकाची कड वस्तऱ्यासारखी. एवढं मात्र तिनं शोधून काढलं, की चकतीच्या पुढच्या नळीतलं पाणी सकाळी नाहीसं झालेलं असतं. संध्याकाळी भरलेला डबा पहाटेनंतर रिकामा. मागच्या नळीत मात्र पाणी जसंच्या तसं. म्हणजे एकीकडे वजन, दुसरीकडे काही नाही, आणि त्या वजनानंच काटा ढकलला जातो. पाणी जातं कुठं? चौकीदार म्हणाला, मिलमागच्या चिंचेवर कोणीतरी आहे, त्याला तहान लागत असेल. बाबा म्हणाले, "लोखंडाले भूक लागते ते ऐकलं होतं, तहान लागते ते नाई." हे ते घरी बोलले असते तर मायच्या कानावर पडलं असतं. पण घरी भात होता.

शेवटी ताईनं सेठजींना सांगितलं, "उद्या सकाळी बॉयलर पेटायच्या आधी तुम्ही या. साहेबांनाही पुन्हा बोलावून रात्री इथंच थांबवून घ्या. वाफ नसताना काटा शून्यावर आहे, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. मग तो कधी उठतो ते आपण सगळे मिळून बघू. उद्या नाही सापडलं तर परवा मीच चकती काढून देईन."

दुसऱ्या दिवशी उजाडत होतं. थंडीनं धानाच्या ढिगांवर दव पडलेलं. सेठजी कानटोपी घालून आलेले, साहेब हात चोळत, बाबा काठी घेऊन, मी उगाच, आणि ताई तबकडीसमोर. बॉयलर थंड, वाल्व घट्ट बंद.

"शून्य," ताई म्हणाली.

"शून्य," साहेब म्हणाले.

सेठजींनी चष्मा पुसून पाहिलं. "हाँ भई, शून्य."

"मुर्दा कुठं पळून राहिला," बाबा म्हणाले. "थोडा दम घ्या."

आम्ही सगळे काट्याकडे पाहत उभे राहिलो. तसं पाहणं मी पुन्हा फक्त क्रिकेटच्या शेवटच्या चेंडूला पाहिलं. तेवढ्यात माय झाडू आणि बादली घेऊन आत आली. तिचं रोजचं काम. ती झाडत जवळ आली तशी आम्ही नजर न हलवता एक एक पाय उचलला. सेठजींनीही उचलला. तिनं आमच्या पायांखालून झाडलं, मग भिंतीजवळ गेली, बादली ठेवली, चावी फिरवली. पाण्याची धार बादलीत पडली. तिनं चावी बंद केली, पदरानं पुसली, बादली उचलली आणि दाराकडे निघाली. आमच्यापासून दोन हातांवर. मी देवाशपथ सांगतो, आणि मी देव मानत नाही, तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि एकानंही मान वळवली नाही. सकाळी मिलमध्ये बादलीत पाणी पडणारच.

काटा उठला. शून्यावरून निघाला आणि कोणी हाक मारल्यासारखा टोकाला गेला.

"उठला, उठला," साहेब म्हणाले.

"अरे, अपने आप," सेठजी म्हणाले.

"पाहा," बाबांनी काठी आपटली. "बॉयलर ठंडा, वाल्व बंद, अन् हा म्हणते मिल जोरात चालू आहे. आता सांगा, चोर कोन?"

फक्त ताईनं काट्यावरची नजर काढली. तिनं वर डब्याकडे पाहिलं, खाली ओल्या फरशीकडे पाहिलं, आणि मग दाराकडे, जिथं मायच्या बादलीतून थेंब थेंब गळत होतं.

"माय, थांब."

मायला वाटलं, एखादा कोपरा राहिला. "तिथं झाडलं मी."

"बादलीत काय आहे?"

"पानी."

ताईनं तिच्या हातून बादली घेतली. स्टूल ओढलं, वर चढली, डब्याचं झाकण फिरवून काढलं आणि बादलीतलं पाणी तांब्यानं हळूहळू आत ओतलं, लहान मुलाला औषध पाजावं तसं. काटा उतरू लागला. उतरला, उतरला, शून्यावर येऊन उभा राहिला. बाबांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मला वाटतं मुर्रीतल्या कोंबड्यांनी त्या दिवशी घाबरून आरवणं लांबणीवर टाकलं.

"फिर से," सेठजी म्हणाले.

ताईनं चावी उघडली, काटा चढला. पाणी ओतलं, काटा उतरला. "फिर से." सेठजी जत्रेत जादू पाहणाऱ्या पोरासारखे पुढं पुढं सरकत होते. साहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम, मी गळती पाहिली, गंज पाहिला, नळीत पालही सापडली. हे मात्र कुठल्याच कारखान्यात नाही पाहिलं." मग त्यांनी दुसऱ्या डब्याची चावी पाहिली. ती भिंतीच्या बाजूला होती, तिथं मायचा हात पोचत नव्हता. ताई पुढं अनेकदा हसून सांगायची, मायचा हात वीतभर लांब असता तर दोन्ही नळ्या सारख्याच रिकाम्या झाल्या असत्या, शून्याला शून्य दिसलं असतं, आणि कोणाला काही कळण्याआधी घड्याळ वाफेनं भाजून मेलं असतं.

सेठजी मायकडे वळले. झाडणाऱ्या बाईला कामावरून काढायला आमच्याकडे कारण लागत नसे, आणि इथं तर कारण पाण्यासारखं समोर सांडलेलं. माय पदर सावरून उभी राहिली. तिला काय झालं तेच कळलेलं नव्हतं. एवढे पुरुष आपल्या बादलीकडे कायले पाहून राहिले, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

ताई स्टुलावरून उतरली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. "सेठजी, घड्याळ लावलं तेव्हा मी तुम्हाला समजावलं. बाबांना समजावलं. चौकीदारालासुद्धा समजावलं. या शेडमध्ये सगळ्यांच्या आधी येते ती हीच, आणि हिलाच सांगायचं राहिलं. ते काम माझं होतं. कोणाला काढायचंच असेल तर मला काढा."

इतके दिवस जी जागा टिकवायला ती पाना घेऊन झगडत होती, ती तिनं अशी एका वाक्यात समोर ठेवून दिली. मी आयुष्यात पुष्कळ शूर माणसं पाहिली. त्यांतली निम्मी मीच रंगवलेली आहेत. पण हे मी एका शब्दानं वाढवलेलं नाही, वाढवायला त्यात जागाच नव्हती.

सेठजींनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "निकालने की बात किसने की? प्लेट रहेगी. तू भी रहेगी." मग मायला म्हणाले, "देवकाबाई, उस डब्बे को हाथ मत लगाना." मायनं मान हलवली, पण एखादा पाहुणा न जेवता उठून चालला की ती हलवायची तशी.

बॉयलर पेटला. वाफ वर आली. बाबांनी वाल्व उघडला, काठी पाइपाला लावली, डोळे मिटले आणि तबकडीकडे पाठ करून बोलले, "आता अर्ध्यात." ताईनं पाहिलं, काटा मध्यावर. "आता जरा वर." काटा जरा वर. असं बराच वेळ चाललं. ती वाचायची, ते ऐकायचे, आणि दोघांचं जमत गेलं. त्यानंतर बाबांनी गोंदियाच्या बाजारात, गणेशनगरपासून रेल्वेच्या पुलापर्यंत, भेटेल त्याला सांगितलं, की माझ्या लेकीनं माझा कान काढून भिंतीवर लावला आहे. नवं धान आलं त्या मोसमात आमच्या मिलचा एक दाणा फुटला नाही. बरं, दहा-वीस फुटले असतील.

आता तिथं घड्याळही नाही. डबीएवढं यंत्र आहे, लाल आकडे दाखवतं, आणि सेठजींचा नातू घरी झोपून मोबाइलवर वाफ पाहतो. पण मी मुद्दाम जाऊन बघून आलो. चकती तशीच, दोन नळ्या तशाच, दोन डब्यांत पाणी तसंच. ताई पुढं मोठमोठ्या कारखान्यांत गेली. नवीन जागी रुजू झाली की आधी झाडणाऱ्या बायांना चहा पाजते आणि मग यंत्र दाखवते, असं तिचे साहेबलोक सांगतात.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. अंबाडीची भाजी होती, वर तळलेल्या मिरच्या. मायचा हुकूम अजून जारी होता, पण बाबांच्यानं राहवलं नाही. त्यांनी पहिला घास खाली ठेवला आणि आवाज परत आला, सकाळपासूनचा साठलेला. एवढे दिवस मी लेकीशी भांडलो, ते म्हणाले, सेठजीसमोर मान खाली घातली, धान कच्चं काढलं, चिंचेवरच्या भुताले शिव्या दिल्या, नागपूरचा साहेब तीनदा गाडीचं तिकीट काढून आला, मी ताटावरून उठलो, अन् तू रोज सकाळी माझ्याच शेडमधी येऊन त्या डब्यातलं पानी सांडून राहिली होतीस. कायले? सांग, कायले?

मायनं त्यांच्या ताटात भात वाढला.

"बासी होतं," ती म्हणाली.